वसई १७३९ : एका कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

कादंबरीचा काळ पक्का केला. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तिथून सुरुवात, आणि मे महिन्यात पोर्तुगीज किल्ला सोडून गेले तिथे शेवट. १७३७ मधला ठाण्याचा किल्ला, साष्टी, त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं हे सगळं पात्रांच्या बोलण्यातून येईल, त्यासाठी स्वतंत्र प्रकरण नाही.

मुख्य पात्र कल्पित. छावणीतल्या फडावर (कचेरीत) चिटणिसाच्या हाताखाली मसुदे लिहिणारा कारकून. सेनापतीच्या डोक्यात शिरण्यापेक्षा हे बरं, कारण आपल्यापर्यंत जे आलंय ते कागदच आहेत आणि कागद ज्याच्या हातून जातात तो माणूस सगळीकडे असूनही कुठल्याच यादीत नसतो. त्याला जगवायला जागा मिळते. मात्र ही जागा खऱ्या दोन कागदांच्या मधली, कागद खोडून केलेली नाही. पुढचं सगळं काम या एका अटीवर चालेल.

८ जून

वाचनाचा क्रम. आधी मूळ पत्रं, मग बखरी, मग आधुनिक इतिहास, आणि त्याच विषयावरच्या कादंबऱ्या पहिला खर्डा संपेपर्यंत अजिबात नाहीत. दुसऱ्याच्या कादंबरीतला प्रसंग दोन महिन्यांनी आपल्याला कागदात वाचल्यासारखा आठवू लागतो. हा धोका खरा आहे.

मूळ पत्रांत पहिला हात 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' या मालेला. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० पासून चारेक वर्षांत ४५ खंड निघाले. त्यातला सोळावा खंड वसईच्या मोहिमेचा आणि चौतिसावा त्याची पुरवणी. दोन्ही शेजारी उघडे ठेवूनच वाचावे लागतात, कारण एकाच आठवड्यातली पत्रं दोन्हीकडे विखुरली आहेत. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांचा पत्रव्यवहार त्यानंतर. स्वामींना लिहिताना माणसं विजय, नवस, कर्ज आणि दुखणी एकाच पत्रात लिहितात. लष्करी पत्रात हे सापडत नाही.

किल्ल्याच्या वर्णनासाठी ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर आणि गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईवर लिहिलेलं पुस्तक. गोव्याच्या पुराभिलेखातले पोर्तुगीज कागद आपल्याला छापील भाषांतरांतूनच वाचता येतील. तेवढी मर्यादा मान्य करून किल्ल्याच्या आतली प्रकरणं कमी ठेवायची.

१५ जून

तारखांचा तक्ता सुरू केला. ऐतिहासिक कादंबरीचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी काम हेच.

अडचण अशी. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच ग्रेगरियन दिनदर्शिका घेतली. मुंबईच्या इंग्रजांकडे १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन चालू होती. अठराव्या शतकात दोघींत ११ दिवसांचा फरक. त्यामुळे वसईच्या शरणागतीचा करार एका पुस्तकात ५ मे १७३९ आणि दुसऱ्यात १६ मे १७३९ असा सापडतो. दोन्ही बरोबर, दिवस एकच. किल्ला रिकामा झाला ती तारीख तशीच १२ मे किंवा २३ मे. एक तारीख एका पुस्तकातून आणि दुसरी दुसऱ्या पुस्तकातून उचलली की करार १६ तारखेला आणि किल्ला रिकामा त्याच्या चार दिवस आधी, असा प्रकार होतो.

शिवाय इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं. मुंबईच्या कागदावर फेब्रुवारी १७३८ असेल तर तो आपला फेब्रुवारी १७३९. वेढ्याच्या आरंभाचे इंग्रजी कागद त्यामुळे एक वर्ष मागे जाऊन बसतात आणि शोधताना हाती लागत नाहीत.

मराठी कागदांवर शुहूर सन, म्हणजे अरबी सन. सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो बदलतो. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. वेढ्याचं वर्ष 'तिसा सलासीन मया व अलफ' : नऊ, तीस, शंभर, हजार, म्हणजे ११३९. त्यात ६०० मिळवले की १७३९. हेच वर्ष पावसाळ्यानंतरच्या कागदावर दिसलं तर ५९९ मिळवायचे आणि तो १७३८ चा. नव्या वाचकाची गल्लत इथेच होते, कारण अंक अक्षरांत लिहिलेला असतो आणि एकम आधी येतं.

तक्त्याचे रकाने : ग्रेगरियन, ज्युलियन, शक व तिथी, शुहूर सन व चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख), वार, घटना, आधार. पायाभूत तारीख ग्रेगरियन. बाकीच्या तिच्यावरून काढायच्या, उलट कधी नाही. १७२८ पासूनच्या तारखांना मोडकांची जंत्री (तारखांचं कोष्टक) पुरते. त्याआधीच्या शंभर वर्षांसाठी खऱ्यांची शिवकालीन जंत्री.

१७ जून

पडताळ्याची युक्ती तक्त्याच्या वरच लिहून ठेवली. वार सगळ्या गणनांत एकच असतो. ज्युलियन ५ मे आणि ग्रेगरियन १६ मे, दोन्ही शनिवार. तारखा जुळत नसतील तेव्हा कागदावरचा वार आधी बघायचा.

याला एक अपवाद आहे आणि वेढ्याच्या कादंबरीत तो रोज आडवा येतो. फिरंग्यांचा दिवस मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला, चंद्राचा (म्हणजे मुसलमानी महिन्याचा) सूर्यास्ताला. समजा १५ आणि १६ मेच्या मधल्या रात्री दोन वाजता एक माणूस खंदकाशी पकडला. पोर्तुगीज टिपणात ती १६ तारीख, शनिवार. आपल्या कारकुनाच्या हिशेबी अजून शुक्रवारच. आणि चंद्राची तारीख आदल्या संध्याकाळीच पुढे गेलेली. तीन कागदांत तीन उत्तरं आणि तिघंही खरं लिहिताहेत. म्हणून मध्यरात्र ते सूर्योदय या वेळातल्या प्रत्येक प्रसंगापुढे तक्त्यात 'रात्र' अशी खूण.

चंद्राच्या तारखेत आणखी एका दिवसाची ढिलाई धरायची. महिना चंद्रदर्शनावर लागतो, आणि एका गावी दिसलेला चंद्र दुसऱ्या गावी ढगाआड असू शकतो.

२९ जून

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वाचन. एक सोपी गोष्ट नव्याने ठसते : छापील खंडात मोडीचं बाळबोध करून दिलेलं आहे. मूळ मोडीत शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, अनुस्वार बऱ्याचदा गाळलेला. म्हणजे छापील पानावरचा प्रत्येक शब्दविच्छेद हा संपादकाचा निर्णय आहे. आपल्या प्रकरणाचा सांधा एखाद्या वाक्यावर बसणार असेल तर ते वाक्य मूळ कागदावर पाहावं. निदान त्याच खंडात तसाच शब्द आणखी कुठे आलाय का ते पाहावं.

पात्रासाठी लिहिण्याची कृती टिपली. आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा ओढायची, मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं. ओल्या शाईवर बारीक वाळू. बोरूचं टोक घासून बोथट झालं की अक्षर जाड येतं, मग चाकूनं तिरका छेद. कादंबऱ्यांत कारकून 'मोरपीस दौतीत बुडवतात', ते पाश्चात्त्य चित्रांतून आलेलं आहे. इथे बोरूच हवा.

११ जुलै

पत्राच्या पाठीवरची किंवा माथ्यावरची 'पैवस्ती' हा या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा तपशील आहे. पैवस्ती म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. पत्राच्या पोटात लिहिल्याची चंद्राची तारीख, बाहेर पोचल्याची. दोन्हींची वजाबाकी म्हणजे बातमीचा वेग. पत्र छ ७ सफरचं (छ म्हणजे चंद्राची तारीख, सफर हा महिना) आणि पैवस्ती छ १० सफर असेल तर जासुदाला, म्हणजे पत्र नेणाऱ्या माणसाला, सुमारे तीन दिवस लागले. अशा जोड्या खंडांतून गोळा करायच्या आणि वसई-पुणे, वसई-सातारा, वसई-बऱ्हाणपूर असे वेगवेगळे मांडायचे. मग 'बातमी वाऱ्यासारखी पसरली' हे वाक्य लिहायची वेळच येत नाही.

खबरदारी दोन. पहिली : सगळ्या कागदांना पैवस्ती नसते. पाठवणाऱ्याच्या दप्तरात राहिलेला मसुदा कधी रवानाच झाला नसेल. मसुद्यावरून 'त्यांना हे कळलं होतं' असं मानणं चूक. दुसरी : पावसाळ्यातल्या जोड्या वेगळ्या ठेवायच्या. खाडी-नद्यांच्या उतारांवर जासूद अडकतो, त्याचा वेग मे महिन्याला लावायचा नाही.

एकाच मजकुराची दोन पत्रं दोन जासूदजोड्यांबरोबर निघतात, हेही पाहून ठेवलं. वाटेत एक अडली तरी दुसरी पोचते. कथानकाला हे फार उपयोगी आहे.

१९ जुलै

तक्त्यात नवा रकाना : कोणाला काय ठाऊक.

कारण इराणचा नादिरशहा. कर्नाळची लढाई २४ फेब्रुवारी १७३९ (जुन्या गणनेत १३), दिल्लीची कत्तल २२ मार्चला. वेढा चालू असतानाच या बातम्या दक्षिणेत पोचत होत्या आणि नादिरशहा खाली उतरला तर काय, ही धास्ती बाजीरावांच्या हालचालींमागे होती. वसई लवकर उरकायची घाई यातूनच वाढते. नादिरशहा दिल्लीहून परत निघाला तो दिवस ७ सफर ११५२, म्हणजे १६ मे. वसईच्या कराराचाच दिवस!

योगायोग इतका देखणा आहे की प्रकरणाच्या शेवटी तो टाकायचा मोह कोणालाही होईल. पण त्या दिवशी वसईच्या छावणीतल्या एकाही माणसाला हे ठाऊक असणं शक्य नाही. पैवस्तीच्या जोड्या हेच सांगतात. म्हणून ठरलं : १६ मेच्या प्रकरणात पात्रं नादिरशहाला दिल्लीतच बसलेला समजतील आणि विजयाच्या संध्याकाळीसुद्धा उत्तरेची काळजी करत राहतील. तो निघाल्याची बातमी पुढच्या प्रकरणात, जासूद घेऊन येईल तेव्हा.

४ ऑगस्ट

भरती-ओहोटी. वसईला तीन बाजूंनी पाणी आणि उत्तरेकडून जमीन. मानाजी आंग्र्यांची गलबतं खाडीत. पाणी चुकलं तर अर्धी कादंबरी चुकते.

कोकणातला ठोकताळा पुरेसा आहे. तिथीला तीननं गुणून चारनं भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, मधे ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तो कादंबरीला चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीला भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची चढ-उतार साडेतीन मीटर व त्याहून जास्त, भांगाला दीड मीटरच्या आसपास.

आता हे १७३९ ला लावलं. मे महिन्यातली अमावास्या ८ तारखेच्या सुमाराची. म्हणजे १६ मे ही वैशाख शुद्ध अष्टमी-नवमी, शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर. भांगाचे दिवस. भरती सकाळी सहा-पावणेसातला आणि पुन्हा संध्याकाळी, पाणी फारसं चढत नाही नि फारसं उतरत नाही. आकाशात अर्धा चंद्र, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. पहिल्या खर्ड्यात 'उधाणलेला दर्या तटावर आदळत होता' असं आहे, ते जाणार. शेवटच्या हल्ल्याच्या रात्री पहिला अर्धा भाग चांदण्याचा, नंतर काळोख. सुरुंगांवर काम करणारी माणसं चंद्र मावळायची वाट पाहतील. हा प्रसंग पंचांगानंच दिला.

आणि २३ मे पौर्णिमेला लागून. उधाण, भर दुपारच्या सुमारास भरलेली खाडी. लोक, सामान, चर्चमधल्या वस्तू घेऊन निघालेल्या गलबतांना हेच पाणी हवं. म्हणून मुद्दाम हा दिवस निवडला असं कादंबरीत कोणी म्हणणार नाही, त्याला कागदाचा आधार नाही. पण त्या दिवशी खाडी भरलेली होती एवढं लिहायला आपण मोकळे आहोत.

वेळ सांगताना पात्रांच्या तोंडी तास नाही. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर साडेसात घटकांचा. आपल्या घड्याळाशी मेळ घालताना लक्षात ठेवायचं की वसईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे आहे. आजच्या पंचांगातला सूर्योदय जसाच्या तसा उचलला तर तेवढी चूक.

५ ऑगस्ट

कालच्याला जोडून. आज मृग ७-८ जूनला लागतो, १७३९ मध्ये तो चारेक दिवस आधी लागला. नक्षत्रांवरचं वर्ष ग्रेगरियन वर्षापेक्षा किंचित मोठं असल्यानं दर साठ-सत्तर वर्षांनी एक दिवस सरकतो. याच कारणानं पानिपतच्या कथांमधली 'संक्रांतीच्या दिवशी संक्रांत' बसत नाही. १४ जानेवारी १७६१ ला पौष शुद्ध अष्टमी होती, बुधवार होता, पण मकरसंक्रांत १० तारखेच्या सुमारास होऊन गेली होती. आजची तारीख मागे नेली की असं होतं. वाचकांच्या इतकं अंगवळणी पडलंय की खरं लिहिलं तर पत्रं येतात, तरी खरंच लिहावं.

आपल्यापुरता निष्कर्ष : करारापासून मृगापर्यंत अडीच-तीन आठवडे. छावणीत प्रत्येकाच्या डोक्यात हाच हिशेब असणार. सुरुंगाची दारू भिजली की संपलं.

१ सप्टेंबर

किल्ल्याची पाहणी. भुईदरवाजा, बंदरदरवाजा, सान सेबास्तियान आणि रेमेदियुस या बुरुजांच्या जागा नकाशावर घेतल्या. मोठे हल्ले याच बाजूला झाले.

जागेवर गेल्यावर तीन गोष्टी मनातून पुसायच्या. एक, आजचा किनारा : खाडी गाळानं भरली आहे, खारफुटी पुढे सरकली आहे. दोन, आजची भगदाडं : डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी हाच किल्ला तोफा लावून घेतला, त्यामुळे दिसणारी प्रत्येक पडझड १७३९ ची नव्हे. तीन, आजची झाडी : वेढ्यातल्या किल्ल्यासमोर झाडी ठेवत नाहीत, माऱ्याला आडोसा मिळतो.

उलट जे मोजून घ्यायचं ते पावलांनी मोजावं. माणूस शिडी घेऊन किती वेळात किती अंतर जातो, वाळूत पाय किती रुततो, बुरुजाच्या कोपऱ्यावरून कुठला भाग दिसतच नाही. हे नकाशा सांगत नाही.

१४ सप्टेंबर

सुरुंगाचं प्रकरण लिहिण्याआधीची टिपणं. भुयार तटाच्या पायापर्यंत न्यायचं, टोकाशी कोठी करायची, दारू भरायची, तोंड मातीनं घट्ट बुजवायचं, बत्तीची वाट तेवढी मोकळी. बुजवण ढिली राहिली तर स्फोट तटाऐवजी भुयारातून मागे येतो. बत्ती ओलसर असेल तर सुरुंग उशिरा उडतो आणि तोवर 'फुसका गेला' समजून पुढे धावलेली आपलीच माणसं त्यात सापडतात. दोन सुरुंग एकदम उडायला हवेत आणि एक मागे राहिला, यातलं नाट्य कुठल्याही द्वंद्वयुद्धापेक्षा मोठं आहे. हे प्रकरण लांबवायचं. तलवारींची प्रकरणं आखडायची.

२ ऑक्टोबर

किल्ल्याच्या आतली भाषा. आतल्या स्थानिक ख्रिस्ती माणसांना आजची वाडवळी किंवा सामवेदी जशीच्या तशी द्यायची नाही. तीनशे वर्षांत बोली बदलते. थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणावरून प्रार्थनेचे, पश्चात्तापाचे शब्द मिळतात. ते ओवीबद्ध आणि शंभरहून अधिक वर्षं आधीचं, म्हणून शब्द घ्यायचे, वाक्याची घडण नाही. बोलणं साधं मराठी, तेवढ्या शब्दांचा रंग.

२० ऑक्टोबर

कारकुनाचं पत्र. संपूर्ण कादंबरीत अशी सात-आठ पत्रं येतील. पहिला खर्डा :

'आदरणीय तात्यांस, येथे सर्व कुशल आहे. काल झालेल्या हल्ल्यात अनेक जण शहीद झाले. परिस्थिती अत्यंत गंभीर आहे.'

हे पत्र विसाव्या शतकातलं आहे. दुरुस्त :

'श्री. तीर्थरूप राजश्री तात्या वडिलांचे सेवेसी. अपत्ये चिंतोने साष्टांग नमस्कार विनंती उपरी. येथील कुशल तागाईत छ ६ सफर जाणून स्वकीय कुशल लेखन करीत असिले पाहिजे. विशेष. मोर्चे तटास भिडले. लोक बहुत कामास आले, जखमी त्याहून अधिक. दारू थोडकी राहिली, पाऊस माथ्यावर आला. राघोजी कामास आला, त्याचे घरी हे वर्तमान तूर्त न कळवावे. बहुत काय लिहिणे. कृपा असो दीजे. हे विनंती.'

बदल पाहण्यासारखे आहेत. मायना नात्यावरून ठरतो : वडिलांना तीर्थरूप आणि साष्टांग नमस्कार, धाकट्यांना चिरंजीव आणि आशीर्वाद, बरोबरीच्यांना निराळा. कुशलाचं वाक्य ठरलेलं असतं आणि त्यात तारीख असते, म्हणून तारीख वेगळी लिहायची गरज नाही. मरणाची बातमी विशेषणांशिवाय, दोन शब्दांत. दुःख कुठे आहे ते 'तूर्त न कळवावे' मध्ये. मूळ पत्रं वाचताना हेच दिसतं : माणसं भावना लिहीत नाहीत, सूचना लिहितात.

मोर्तब, 'लेखनसीमा' हे शिक्के अधिकाऱ्याच्या पत्राला. कारकुनाच्या घरगुती पत्राला नाहीत.

तीनपेक्षा जास्त पत्रं सलग देऊ नयेत. वाचक मायने गाळून वाचायला लागतो आणि मग त्यातलं 'तूर्त न कळवावे' सुद्धा गळतं.

९ नोव्हेंबर

वस्तूंची चाळणी. खर्डा हातात घेऊन प्रत्येक नाम तपासायचं.

गेले : गुलमोहर (एकोणिसाव्या शतकातला), काडेपेटी (चकमक आणि कापूस ठेवा), साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, टोमॅटो, चहा, पेटी म्हणजे हार्मोनियम, रॉकेलचा कंदील. उपासाला वरी. दिव्यात गोडं तेल, मशालीला तेलाचे बोळे.

राहिले : मिरची, तंबाखू, काजू, पेरू, अननस. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या या गोष्टी १७३९ मध्ये वसईच्या भागात असायला काहीच हरकत नाही, उलट त्या भागाची खूणच आहे.

संवादांत 'शहीद', 'हुतात्मा', 'परिस्थिती', 'दिनांक' नको. निवेदन आजच्या मराठीत आहे, तिथे चालतील. शंकेच्या शब्दाला मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश. मोल्सवर्थमध्ये शब्द नसेल तर तो नव्हताच असं नाही, पण छावणीतल्या माणसाच्या तोंडी घालण्यापूर्वी दुसरा शोधावा. मात्र संवाद पूर्ण पत्रांच्या भाषेत लिहिले की माणसं दरबारात उभी राहिल्यासारखी बोलतात. पत्राची भाषा लेखी आहे. बोलताना वाक्य तुटकं, क्रियापद आधी, शिवी मधेच. 'सांप्रत', 'वर्तमान', 'तजवीज' असे चार-पाच शब्द पानाला पुरे.

२४ नोव्हेंबर

घंटा. वसईच्या चर्चमधल्या घंटा मोहिमेनंतर देवळांत गेल्या, मेणवली, भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर ही नावं सांगितली जातात. एका प्रकरणात घंटा उतरवण्याचा प्रसंग आहे. तो फक्त विजयाच्या बाजूनं लिहायचा नाही. दोरखंड, वासे, उतरवणारे कोळी, आणि खाली उभी असलेली, त्याच घंटेवर लग्नं लागलेली माणसं. कोणती घंटा कुठे गेली हे नाव घेऊन लिहायचं नाही.

१२ जानेवारी २०२५

दुसरा खर्डा दोघांकडे वाचायला दिला : एक इतिहासाचे जाणकार, एक वसईकर, होड्यांची माहिती असलेले. दोघांना सारखे प्रश्न विचारू नयेत. जाणकारांना तारखा, मायने, पदं. होडीवाल्यांना फक्त पाण्याची पानं. 'शीड उतरवून वल्ही घेतली' हे दोन वाक्यांत होत नाही, असं त्यांचं म्हणणं. खाडीच्या तोंडाशी वारा आणि ओहोटी विरुद्ध असतील तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, भरलेली होडी तिथे पाणी घेते. ते पान पुन्हा लिहिलं.

८ फेब्रुवारी

मुद्रणप्रत. युनिकोडमधून प्रकाशकाच्या श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या टंकात) जाताना 'ऱ्या' मोडतो, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. जोडाक्षरांतला 'द्ध', 'ह्म' आणि पत्रांतला 'छ' स्वतंत्र तपासायचे. रूपांतर झाल्यावर 'र्या' शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी पाहायचं, सरसकट बदल केला तर 'सूर्या', 'कार्यालय' बिघडतात. पत्रांतलं लेखन जुन्या वळणाचं आहे, मुद्रितशोधक ते 'सुधारतील', म्हणून पत्रांच्या पानांवर 'जसेच्या तसे' असा शेरा.

२ मार्च

मागे एक पानाचं कालगणनेचं टिपण द्यायचं ठरलं. त्यात कादंबरीतल्या सर्व तारखा ग्रेगरियन आहेत, शरणागतीची ५ मे आणि १६ मे या एकाच दिवसाच्या दोन तारखा आहेत, आणि कोणती पात्रं कल्पित आहेत त्यांची यादी. प्रसंगांची यादी नाही. सोळा पानी फॉर्मच्या हिशेबात शेवटच्या फॉर्ममध्ये तीन पानं उरतात : एकावर हे टिपण, एकावर वसई, धारावी (भाईंदरजवळची), वर्सोवा आणि खाडी दाखवणारा नकाशा, किनाऱ्याची रेषा तुटक, कारण ती आजची नाही. तिसरं कोरं.